दुसरं बटण

नाटक चालू असताना माझा आवाज प्रेक्षकांना ऐकू आला, तर ती माझी चूक. कॉलेजात चार वर्षं आणि नंतर पुण्याच्या हौशी स्पर्धांमध्ये मी हेच एक काम केलं. प्रॉम्प्टिंग. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात पेनाएवढा टॉर्च, आणि समोरचा अडकला की त्याला पुढचे दोन शब्द द्यायचे. दोनच. तिसरा दिला की तो गोंधळतो. मला भूमिका कुणी कधी दिली नाही. माझा चेहरा म्हणे रागीट आहे. असेल बाई. पण प्रयोगाआधी नायिका नटराजाला नमस्कार करायची आणि लगेच वळून मी जागेवर आहे ना ते बघायची, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

लग्नानंतर नवऱ्याच्या बँकेने आम्हाला टोकियोला पाठवलं, तीन वर्षांसाठी. त्या तीन वर्षांची आता पंधरा झाली. आम्ही टोकियोला लागून असलेल्या उरायासुला राहतो, खाडीच्या बाजूला. मुलगी इथेच वाढली. मी मराठीत ओरडते, ती जपानीत उत्तर देते, आणि दोघींना सगळं समजतं. वही, टॉर्च, विंग हे सगळं मागे पडलं होतं आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. त्यांची माझी ओळख कचऱ्यापाशी झाली. मी घाईत प्लास्टिकची पिशवी चुकीच्या वारी ठेवत होते आणि मागून आवाज आला. अगदी वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाचा, कोरडा आणि गुळगुळीत जपानी आवाज: बाईसाहेब, क्षमा असावी, पण आज प्लास्टिकचा दिवस नाही. मी न बघताच दोनदा वाकून माफी मागितली. वळून बघते तर सहा फुटी गोरा म्हातारा, पायात सपाता, चेहरा गंभीर. आणि मग हसायला लागला. "माफ कर," इंग्रजीत म्हणाला, "तो माणूस मला जमतोय का, ते बघत होतो." माझा असा संताप झाला! मी मराठीतच म्हटलं, "मेल्या, जीव घेशील एखादीचा." त्यांनी अर्थ विचारला. मी खरा सांगितला. त्यावर ते एवढे हसले की कठड्याला धरून उभे राहिले.

आमच्या सोसायटीतल्या मराठी बायका त्यांना "इंग्रज आजोबा" म्हणायच्या. मीही एकदा तसं म्हटलं, आणि हसरा माणूस एकदम सरळ झाला. "इंग्रज नाही. वेल्श." नागपूरच्या माणसाला पुणेकर म्हटलं तर त्याचं जे होईल ते त्यांचं झालं. मी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून ते आमचे वेल्सचे आजोबा झाले.

ते नट होते. नट म्हणजे नायक नव्हे. वेल्समधल्या खाणकामगाराच्या घरात जन्म, रविवारी चर्चमध्ये उभं राहून पाठांतर, आणि सतराव्या वर्षी एका गावातल्या नाटक कंपनीत नोकरी. ती कंपनी दर आठवड्याला नवं नाटक करायची. म्हणजे संध्याकाळी या आठवड्याचं नाटक करायचं आणि दिवसा पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं. सोमवारी खुनी, पुढच्या सोमवारी डॉक्टर, त्याच्या पुढच्या सोमवारी कुणाची तरी आत्या. अशी सहा वर्षं. "डोक्यात एका वेळी दोन नाटकं असायची," ते सांगायचे, "आणि एकाही शब्दाची गल्लत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. बाकी कशाचाही त्यांना गर्व नव्हता, पाठांतराचा होता.

पुढे एका फिरत्या कंपनीबरोबर ते टोकियोला आले. त्या कंपनीच्या प्रयोगांना एक जपानी मुलगी कपडेपट सांभाळत होती. कंपनी परत गेली, ते राहिले. लग्न केलं, भाषा शिकले, आणि जवळजवळ चाळीस वर्षं इथल्या टीव्हीवर आणि सिनेमात, जिथे कुठे परदेशी माणूस लागेल तिथे उभे राहिले. पोर्तुगीज पाद्री, डच वैद्य, रशियन कप्तान, अमेरिकन जनरल, हिरे चोरणारा बेल्जियन. ऐतिहासिक मालिकांमध्ये ते तलवारीने इतक्या वेळा मेले होते की कुठल्या बाजूला पडलं तर कॅमेऱ्याला बरं, हे नवीन दिग्दर्शकांना तेच सांगायचे. मध्येच मुलांसाठी इंग्रजीच्या धड्यांचं रेकॉर्डिंग, डोकेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीत शास्त्रज्ञ, रविवारी हॉटेलातल्या लग्नांमध्ये पाद्री. त्यांचं जपानी इतकं चांगलं होतं की दिग्दर्शक म्हणायचे, जरा वाईट बोला, परदेशी वाटत नाही. मग ते प्रत्येकासाठी वेगळं वाईट जपानी बोलायचे. डच माणूस एका ठिकाणी अडखळायचा, रशियन दुसऱ्या. हे कुणाच्या लक्षातही येत नसेल. मी विचारलं, मग कशाला एवढा आटापिटा? ते म्हणाले, "त्या माणसाला लक्षात येतं ना." कुठल्या माणसाला? "अगं, त्या डच माणसाला."

एकदा चहाला बोलावून त्यांनी मला दारातलं चपलांचं कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत बूट. चामड्याचे, लष्करी, टाचा झिजलेले, एक जोड तर दोरीने बांधलेला. प्रत्येकाच्या आत बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी: कुठली भूमिका, कुठलं साल. ते भूमिकेची सुरुवात बुटांपासून करायचे. आधी बूट मिळवायचे, आठवडाभर घरात घालून फिरायचे, मग संवाद हातात घ्यायचे. जपानी घरात बूट घालून फिरायचे, विचार करा! बायकोने त्यासाठी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जुनी चटई घातली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, चटई अजून तिथेच होती.

मी प्रॉम्प्टिंग करायचे हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. का, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

त्या दिवशी ते स्वतःच वर आले. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "तीन शब्दांचा संवाद होता. गोळीची जाहिरात. दिवसभर घेत होते, मला येईना." मी म्हटलं, होतं असं. ते म्हणाले, "नाही होत. मला नाही होत." मग आत येऊन बसले आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. विसरायला होणार. हळूहळू, पण होणार, आणि मागे फिरणार नाही. मी पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार? आणि मग त्यांनी खिशातून एक नाटकाची संहिता काढली.

त्यांना मुख्य भूमिका मिळाली होती. पंचाहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. टोकियोतलं साठ-सत्तर खुर्च्यांचं छोटं थिएटर, चार दिवस, चार दुपारचे प्रयोग. दीपस्तंभावर राहणारा एक म्हातारा. उद्यापासून दिवा यंत्राने चालणार आहे, आणि आज शेवटच्या दिवशी तो मेलेल्या बायकोच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतोय. सत्तर मिनिटं एकटाच. नाटक इंग्रजीत, आणि बाजूच्या पडद्यावर प्रत्येक वाक्य जपानीत उमटणार. म्हणजे वाक्य गाळलं किंवा उलटसुलट झालं तर पडद्यावर एक आणि तोंडात दुसरं. चोरी लगेच पकडली जाणार.

"हे चार प्रयोग मला नीट करायचेत," ते म्हणाले. "मला आठवत नाहीये, हे कुणालाही न कळता. मग जे व्हायचं ते होऊ दे. तू विंगेत बसशील?"

मी त्यांना फार बोलले. दिग्दर्शिकेला सांगा, म्हटलं. ही फसवणूक आहे, त्या पोरीच्या नाटकाचं काय? ते शांतपणे म्हणाले, सांगितलं तर ती दुसरा नट घेईल, आणि घ्यायलाच हवा. मी तांदूळ निवडायला घेतले, ते बाजूला ठेवले, पुन्हा घेतले. शेवटी म्हटलं, "पेन्सिल कुठली लागते तुम्हाला, खुणा करायला?" हे बरोबर केलं का, ते आजही मला सांगता येणार नाही. पण पुन्हा तेच करीन.

दीड महिना रोज दुपारी त्यांच्या घरी तालीम. ते दीपस्तंभवाल्याचे रबरी बूट घालून चटईवरून फिरायचे, मी स्वयंपाकघराच्या सरकत्या दाराआड. सकाळी पाठ झालेलं पान दुपारी जायचं, आणि गेलेलं दुसऱ्या दिवशी आपोआप परत यायचं. कुठली जागा कधी जाईल याचा काही नेम नव्हता. मुलगी म्हणायची, आई, तू झोपेत इंग्रजी बोलतेस.

दिग्दर्शिकेला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की विंगेत प्रॉम्प्टर बसलेली असली की मला बरं वाटतं. मग थिएटरमधली पहिली तालीम झाली, आणि मी घोळ घातला. तिसऱ्या पानावर ते खुर्चीकडे बघत थांबले. एक, दोन, तीन सेकंद. मी दोन शब्द दिले. स्पष्ट, खणखणीत. आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टॉर्च विझवला. ते विसरले नव्हते. ते अभिनय करत होते. आमच्या स्पर्धांमध्ये वेळेचं बंधन. सेकंदभर जास्त शांतता म्हणजे गडी विसरलाच. घरी नुसतं पाठांतर चालायचं, आणि मुद्दाम थांबणारा नट मी कधी बघितलाच नव्हता. एवढी वर्षं प्रॉम्प्टिंग केलं आणि विसरणं आणि थांबणं यातला फरक मला कळत नव्हता.

दिग्दर्शिका, तिशीची एक बारीकशी मुलगी, उठून पुढे आली. काही अडचण आहे का, तिने फार नम्रपणे विचारलं. आणि आजोबा म्हणाले, "या बाई नवीन आहेत. त्यांना अजून अंदाज नाही." सगळ्यांसमोर. मी वाकून म्हटलं, चूक माझी. झाली होतीच. पण रडू आलं मला, उगाच कशाला खोटं बोलू.

परतीच्या गाडीत तीन स्टेशनं गेली. मग ते म्हणाले, "मी तुला पुढे केलं आणि मागे लपलो. चाळीस वर्षांत असा हलकट माणूस मी केला नव्हता, आज केला." मी म्हटलं, "चांगला जमला." तेव्हा कुठे आम्ही दोघं हसलो. आणि मग त्यांनी खूण ठरवली. दीपस्तंभवाल्याच्या कोटाला चार मोठी बटणं होती. थांबले असतील तर हात जिथे असेल तिथेच राहील. विसरले असतील तर उजवा हात दुसऱ्या बटणावर जाईल. "बटण नाही, तर शब्द नाही," ते म्हणाले. "काही झालं तरी."

पहिल्या प्रयोगाला हात दोनदा बटणावर गेला. दुसऱ्याला तीनदा. तिसऱ्याला सहा वेळा, आणि एकदा तर शब्द देऊनही हात निघेना, पुन्हा द्यावे लागले. पण एकही वाक्य पडद्याच्या मागेपुढे झालं नाही, आणि माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही. रोज प्रयोग संपला की ते विंगेत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्यांच्या थांबण्याच्या जागा आता मला कळायला लागल्या होत्या. मी बघायचे तो फक्त त्यांचा हात, दुसरं काही नाही. नाटकात ते कसे दिसले, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

चौथा प्रयोग. खुर्च्या भरलेल्या, मागे दोघंतिघं उभे. साठ मिनिटं सगळं सुरळीत. हात एकदाही बटणावर गेला नाही आणि माझा जीव भांड्यात पडायला आला होता. शेवटची पाच पानं राहिली. ते खुर्चीमागे गेले, पाठीवर हात ठेवला आणि थांबले.

इथे थांबायचं नव्हतं. पण कधी कधी त्यांना सुचायचं. मी हाताकडे बघत राहिले. हात खुर्चीवर. बटण नाही, तर शब्द नाही. दहा सेकंद. प्रेक्षकांत कुणी खोकलंही नाही. वीस. पडद्यावर पुढचं वाक्य उमटून पुसलं गेलं. पडदा चालवणाऱ्या माणसाला काय करावं ते कळेना. मी हातावरची नजर काढली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते थांबले नव्हते. ते कुठे उभे आहेत, हेच त्यांना कळत नव्हतं. आणि मग मला उमगलं: ते बटणही विसरले होते.

त्यांचा नियम मोडायचा की नाही, असा विचार करायला वेळ नव्हता. मी दोन शब्द दिले. काही नाही. चार दिले. त्यांनी मान वळवली, आवाज कुठून आला ते शोधायला. मग मी अख्खं वाक्य म्हटलं. कुजबुजून नाही, बोलल्यासारखं, कारण कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. त्यांनी ते हळूच माझ्यामागून म्हटलं. मी पुढचं म्हटलं. त्यांनी तेही म्हटलं. अशी पाच पानं. एक वाक्य माझं, तेच वाक्य त्यांचं. पडद्यावरची अक्षरं आमच्या मागोमाग यायला लागली. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता आणि मी रडत होते. वही वाचता येत नव्हती, पण वहीची गरज नव्हती. दीड महिन्यात माझंच पाठ झालं होतं.

दिवा विझला. टाळ्या थांबेनात.

बाहेर येणारी माणसं काय बोलत होती, ते मी सामान आवरताना ऐकलं. एक वयस्कर बाई डोळे पुसत मैत्रिणीला सांगत होती, शेवटी बायको बोलते, ती त्याला शिकवते आणि तो तिच्यामागून म्हणतो, केवढी सुंदर कल्पना आहे. म्हणजे त्यांना तो मेलेल्या बायकोचा आवाज वाटला होता. माझा, पुण्यातल्या आपटे रोडवरच्या मुलीचा, रागीट चेहऱ्याच्या बाईचा. कुणालाही काही कळलं नव्हतं. दिग्दर्शिकेला कळलं होतं. ती माझ्यासमोर आली, कंबरेतून वाकली, आणि बराच वेळ सरळ झाली नाही. आजोबांना शेवटच्या प्रयोगाचा गुच्छ तिने स्वतः दिला. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "आज हात किती वेळा गेला बटणावर?"

"एकदाही नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते.

ते एवढे खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

त्याला आता दोन वर्षं होतील. गेल्या हिवाळ्यात त्यांना जवळच्या चिबा शहरातल्या एका वृद्धाश्रमात हलवलं. घर रिकामं करायला मीच गेले होते. बाकी सगळं वर्गवारी करून खाली कचऱ्यापाशी ठेवलं, बूट ठेववेनात. ते आमच्या गॅलरीत खोक्यांत आहेत, चिठ्ठ्यांसकट. नवरा कुरकुरतो आणि सोडून देतो. वृद्धाश्रमात बूट चालत नाहीत. तिथे सगळ्यांच्या पायात सारख्याच निळ्या सपाता. पहिल्यांदा त्यांना त्या सपातांमध्ये बघितलं तेव्हा मला वाटलं, आता हे कोण होणार? कुठून सुरुवात करणार?

मी दर गुरुवारी जाते. पहिले काही महिने ते मला ओळखायचे, मग कधी ओळखायचे कधी नाही. नर्सेसना ते आवडतात. त्यांच्याशी ते वॉर्ड ऑफिसातल्या साहेबासारखे बोलतात आणि त्या खरंच वाकतात. ते मुद्दाम करतात की त्यांच्याकडून आपोआप होतं, कोण जाणे.

मागच्या गुरुवारी मी गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी छान हसून मान झुकवली, अनोळखी बाईला झुकवावी तशी. मी काही बोलले नाही. बोलवलंच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसू हळूहळू ओसरलं. मी मनात मोजत होते, जुनी सवय. सात, आठ, नऊ. आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, शर्टावरून चाचपडत वर गेला, आणि दुसऱ्या बटणावर येऊन थांबला.

मी खुर्ची ओढून अगदी जवळ बसले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात दोन शब्द दिले. "तुमची प्रॉम्प्टर."

त्यांनी बटणावरचा हात काढला.